फावडेवाल्याचा चेहरा

पोस्टमास्तरांनी तो फोटो भिंतीवरून खाली काढला तो अत्यंत शुद्ध हेतूने. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकलं की लोक पहिली शंका हेतूवरच घेतात.

फोटो बाहेरच्या खोलीत, अण्णांच्या खुर्चीच्या बरोबर वर होता. अण्णा म्हणजे पोस्टमास्तरांचे वडील. वाफेच्या इंजिनांच्या काळात ते आधी फायरमन होते, म्हणजे भट्टीत कोळसा टाकायचे, आणि पुढे ड्रायव्हर झाले. फोटोत इंजिनशेडच्या दारात उभं असलेलं एक अजस्र काळं इंजिन होतं आणि त्याच्यापुढे कोळशाने माखलेले सगळे कामगार, कोणी मांडी घालून, कोणी छाती काढून, कोणी चाकावर चढून. अगदी उजव्या टोकाला फावडं खांद्यावर टाकलेला एक तरणाबांड गडी होता. ते अण्णा. शाळेत असल्यापासून पोस्टमास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला त्या गड्यावर बोट ठेवून सांगत आले होते, हे आमचे अण्णा. अण्णा कोळसा टाकायचे, गड्याच्या हातात फावडं होतं, म्हणजे गडी अण्णाच. इतकं सरळ गणित कोणी पुन्हा करून बघत नाही. अण्णा स्वतः कमी बोलणारे. आयुष्यभर इंजिनाच्या आवाजाशी स्पर्धा नको म्हणून गप्प राहिले आणि इंजिनं बंद पडल्यावर तीच सवय राहिली.

मग एक दिवस पेपरात निवेदन आलं. गावाबाहेरच्या जुन्या इंजिनशेडचं संग्रहालय होणार होतं. ज्यांच्याकडे त्या काळातल्या कामगारांचे फोटो असतील त्यांनी ते आणून द्यावेत, प्रत्येक फोटोखाली देणाऱ्याचं नाव ‘यांच्या सौजन्याने’ असं लावलं जाईल.

‘सौजन्याने’ या शब्दावर पोस्टमास्तरांची नजर अडकली ती सुटेना. निवृत्त माणसाची एक अडचण असते. त्याच्यापाशी सौजन्य भरपूर साठलेलं असतं, पण ते घरात कोणाला नको असतं आणि बाहेर कोणी विचारत नाही. खिडकीमागे बसत होते तेव्हा त्यांच्या एका शिक्क्यासाठी अर्धं गाव रांगेत उभं राहायचं. आता इमारतीतले लोक त्यांना जिन्यात गाठून कुरिअर उशिरा आल्याचा जाब विचारत, जणू ती कंपनी त्यांच्या आत्याने काढली होती. अशा माणसाला भिंतीवर कायमचं नाव मिळत असेल तर त्याने काय करावं?

त्यांनी रीतसर अण्णांची परवानगी घेतली. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत आता उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं. ते म्हणाले, “ने. पण सांभाळून ने. माणसं आहेत त्यात.”

म्हातारी माणसं असं काहीतरी बोलतातच, म्हणून पोस्टमास्तरांनी ते सोडून दिलं.

संग्रहालयाची अट अशी होती की फोटो चौकटीविना आणावा. चौकटीचे खिळे काढताना पोस्टमास्तरांचा अंगठा जायबंदी झाला, पण ती दुखापत त्यांनी धीराने सोसली. खरी आफत आतच बसली होती. इतक्या वर्षांच्या ओलीने फोटो काचेला घट्ट चिकटला होता. एका कोपऱ्यातून नख घालून पाहिलं तर नखाला आकाशाचा तुकडा लागला.

बायको म्हणाली की मग काचेसकट न्या, नाहीतर नेऊच नका. पण इतका साधा सल्ला मानण्याची पोस्टमास्तरांना सवय नव्हती. शिवाय तोवर दार उघडं राहिलं होतं, आणि त्या इमारतीत उघड्या दारातून आधी वारा येत नसे, सल्ला येई. तळमजल्यावरचे विमाएजंट आले आणि म्हणाले, फोटो रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. का, ते त्यांना सांगता येईना. पण त्यांच्या धंद्यात कारण सांगण्याची पद्धत नसते. त्यांच्यामागून वरच्या मजल्यावरच्या रसायनशास्त्राच्या बाई आल्या. बाईंनी अख्खी पिढी परीक्षानळ्यांच्या धाकात वाढवली होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, काच उजेडात धरली आणि निर्णय दिला. वाफ.

विमाएजंटांनी दबक्या आवाजात धोका आहे का असं विचारलं. बाई म्हणाल्या, ज्या माणसांनी जन्मभर वाफेवर काम केलं त्यांचं वाफ काय वाकडं करणार? पोस्टमास्तरांना हा युक्तिवाद फारच पटला. पुढे पुष्कळ दिवस त्यांना त्याचंच आश्चर्य वाटत राहिलं, की आपल्याला तो पटला कसा.

किटली उकळायला ठेवली. पोस्टमास्तरांनी काच वाफेवर धरली, बाईंनी कागद कापायची पातळ सुरी कडेने सरकवायला सुरुवात केली. डावीकडचे लोक सुटले. मधले सुटले. इंजिन सुटलं. बाईंच्या चेहऱ्यावर विज्ञानाचं तेज आलं. आणि उजवं टोक आलं तेव्हा फावडं सुटलं, खांदा सुटला, आणि चेहरा मात्र सुटायच्या ऐवजी वितळला. एक राखाडी थेंब झाला, काचेवरून संथपणे ओघळला आणि ओट्यावर पडला. बायकोने सवयीने तो फडक्याने पुसला आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय पुसलं.

 बाई म्हणाल्या की निष्कर्ष रोचक आहे, आणि त्यांना वर गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. विमाएजंटांनी फ्रीजचा उल्लेख केला नाही, पण जाताना त्यांनी ज्या नजरेने फ्रीजकडे पाहिलं ती पोस्टमास्तरांच्या जिव्हारी लागली.

“आता अण्णांना काय सांगणार?” बायकोने विचारलं.

“तूर्तास काही नाही,” पोस्टमास्तर म्हणाले. तूर्तास हा फार सोयीचा सरकारी शब्द आहे. त्याच्याखाली किती फायली पुरल्या गेल्यात याची गणती नाही.

बाहेर खुर्चीत अण्णा शांत बसले होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की घरात ही वाफ कसली.

दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर बाजारातल्या फोटो स्टुडिओत गेले. स्टुडिओवाला तरुण, उत्साही आणि अतिशय मदततत्पर होता. माणसात हे तीन गुण एकदम असले की सावध व्हावं. त्याने फोटो कॉम्प्युटरवर घेतला, मोठा केला, लहान केला आणि म्हणाला, काही काळजी करू नका काका, चेहरा बसवून देतो. फक्त चेहरा द्या.

चेहरा कुठून आणायचा? अण्णांचा तरुणपणचा दुसरा फोटो नव्हता. म्हातारपणचा होता, तो त्या धडावर बसवून पाहिला; तर असं वाटायला लागलं की कोणी आजोबा नातवाचं शरीर उसनं घेऊन कामावर आलेत. स्टुडिओवाल्याने मान तिरकी करून एकदा पोस्टमास्तरांकडे पाहिलं.

“तुम्ही त्यांचेच ना? मग तुमचाच बसवू. थोडं तरुण करतो.”

पोस्टमास्तरांना स्टुलावर बसवण्यात आलं. फावडं उचलल्यासारखा चेहरा करा, असं फर्मान सुटलं. पोस्टमास्तरांनी आयुष्यात उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे पोत्यांच्या तोंडावर लाखेचं सील मारायचा ठोकळा. त्यांनी तो आठवून चेहरा केला. स्टुडिओवाल्याला तो बद्धकोष्ठाचा वाटला, म्हणून मग साध्या चेहऱ्यावरच भागलं.

घरी त्यांनी हे बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली की एकदा अण्णांना विचारून तरी बघा, त्या फोटोत कोण कुठे होतं ते. पोस्टमास्तर म्हणाले, विचारतो. आणि खरंच विचारणार होते. पण विचारायचं म्हणजे आधी फोटोचं काय झालं ते सांगायला हवं होतं, आणि तेवढं सोडून काहीही करायची त्यांची तयारी होती.

फोटो तयार होऊन आला आणि पोस्टमास्तर बघतच राहिले. इंजिन चकाकत होतं. कामगारांच्या अंगावरचा कोळसा सगळा गेला होता. सगळे नुकतेच न्हाऊन, पावडर लावून, कोणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. एकाचा पडलेला दात उगवला होता. वर चिमणीच्या तोंडाशी मोठा काळा डाग होता, तोही काढून टाकलाय, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत, असं स्टुडिओवाल्याने अभिमानाने सांगितलं. आणि उजव्या टोकाला, खांद्यावर फावडं टाकून, चष्म्याचे दोन वण नाकावर मिरवत, एक निवृत्त पोस्टमास्तर उभा होता. तरुण केलेला, पण निवृत्तच.

खरं सांगायचं तर पोस्टमास्तरांना ते फावडं आपल्याला शोभून दिसतं असं वाटलं. तेवढ्यापुरतं.

संग्रहालयाच्या कचेरीत एक अधिकारीण बाई होत्या. त्यांनी फोटोची तारीफ केली आणि मग कागदपत्रं मागायला सुरुवात केली. फोटो तुमच्या मालकीचा कशावरून? वडिलांचा असेल तर वडिलांच्या मालकीचा कशावरून? आणि फोटोतल्या सर्व व्यक्तींचं ना-हरकत पत्र कुठे आहे? पोस्टमास्तर म्हणाले, त्या व्यक्ती बहुतेक वारल्या. बाई म्हणाल्या, मग वारसांचं. ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांकडे असले कागद मागितले, त्याला खिडकीच्या अलीकडच्या बाजूने हे सगळं ऐकताना काय वाटलं असेल, ते ज्याचं त्याने ताडावं. त्यांच्या मनात आलं, आपल्यालाही लोक मागून असंच म्हणत असतील. हा विचार त्यांनी झटकून टाकला. अखेर कचेरीतल्या शिपायाने मार्ग काढला: लिहा, सदर व्यक्ती सध्या उपलब्ध नाहीत. ते खरंही होतं.

व्यक्तींची नावं, असा एक रकाना उरला होता. पोस्टमास्तरांनी तिथेही तेच लिहिलं आणि खाली पुस्ती जोडली: उजवीकडून पहिले, फावडं घेतलेले, हे देणाऱ्याचे वडील.

उद्घाटनाच्या दिवशी शेडमध्ये बरीच गर्दी होती. अण्णांना खास बोलावणं होतं, कारण त्या काळातले तेच एकटे उरले होते. सून त्यांचा हात धरून होती. त्यांना इंजिनापाशी नेलं तेव्हा त्यांनी थंड लोखंडाला तळवा लावला आणि तसाच ठेवला. भाषणं झाली, त्यांत वाफेपेक्षा हवाच जास्त होती. पोस्टमास्तर आपल्या फोटोजवळ, फार जवळ नाही आणि फार लांबही नाही अशा बेताने उभे होते, म्हणजे कोणी खालचं नाव वाचलं तर धनी शोधायला त्रास नको.

एक बाई मात्र फोटोसमोरून हलेना. वयाने त्यांच्याहून थोडी मोठी, हातात कापडी पिशवी, लांबून प्रवास करून आल्यासारखी. ती फोटोच्या उजव्या टोकाकडे टक लावून बघत होती. पोस्टमास्तर सौजन्याने पुढे झाले आणि म्हणाले, ते आमचे वडील.

बाईने वळून पाहिलं. “नाही हो. हे माझे वडील आहेत.”

पोस्टमास्तर हसले आणि म्हणाले, ताई, तुमची काहीतरी गल्लत होतेय. ताई म्हणाल्या की गल्लत कशी होईल? त्यांची आई सांगायची, शेडसमोर सगळ्यांचा एक फोटो निघाला होता आणि त्यात तुझा बाप उजव्या टोकाला फावडं घेऊन उभा होता. ताई तान्ह्या असतानाच तो शंटिंग करताना, म्हणजे डबे जोडताना, दोन डब्यांच्या मध्ये सापडून गेला. आई त्यांना घेऊन माहेरी, फार लांब, निघून गेली. त्याचा चेहरा ताईंनी कधी पाहिलाच नव्हता. पेपरात संग्रहालयाची बातमी वाचून त्या आल्या होत्या.

आता साठी ओलांडलेली दोन माणसं एका बापावरून भर सभेत वाद घालू लागली. अत्यंत सभ्यपणे, पण एक पाऊलही मागे न घेता. लोक जमले. अधिकारीण बाई धावत आल्या आणि दोघांनाही विचारू लागल्या की काही पुरावा आहे का. शेवटी पोस्टमास्तर म्हणाले, पुरावा कशाला, आमचे अण्णा इथे जिवंत हजर आहेत, त्यांनाच विचारा.

अण्णांना आणलं. काय चाललंय ते सुनेने त्यांच्या कानात सांगितलं.

अण्णा म्हणाले, “मी त्या फोटोत नाहीच.”

 अण्णांनी सांगितलं ते त्यांच्या मानाने फार लांबलचक होतं. फोटोवाल्याला चिमणीतून धूर निघताना हवा होता. धूर हवा तर आत भट्टीत कोळसा टाकायला कोणीतरी हवं. फायरमन दोघे, अण्णा आणि भोंगा. हसला की शेडभर ऐकू जायचं, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणायचे. दोघांनी नाणं उडवलं. भोंगा जिंकला आणि वर अण्णांचंच चांगलं फावडं घेऊन बाहेर उभा राहिला. अण्णांनी आत मोडक्या फावड्यावर भागवलं.

“तो चिमणीतून दाट धूर निघतोय ना,” अण्णा बोट वर करून म्हणाले, “तो मी.”

सगळ्यांनी माना वर करून फोटोतल्या चिमणीकडे पाहिलं. तिथे स्वच्छ, निरभ्र आकाश होतं.

 ताईंचं मात्र चिमणीकडे लक्षच नव्हतं. त्या फोटोच्या अगदी जवळ गेल्या होत्या. त्यांनी फावडेवाल्याच्या गालावरून, काच नव्हती म्हणून अधांतरीच, बोट फिरवलं. डोळे पुसले. मग पिशवीतून मोबाइल काढून त्या चेहऱ्याचा फोटो घेतला आणि स्वतःशीच म्हणाल्या, “दमलेले दिसतात.”

त्या वेळी गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं, असं नंतर विमाएजंटांनी मत दिलं. बाईला बाप मिळाला होता, अण्णांना दिसत नव्हतं, लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते. पोस्टमास्तरांनाही तो मोह झाला. पण त्या बाई तो चेहरा घरी नेऊन भिंतीवर लावणार, मुलानातवंडांना दाखवणार, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना ते सोसेना.

“ताई, तो मी आहे,” ते म्हणाले.

आधी कोणाला कळेना. त्यांनी किटलीपासून स्टुलापर्यंत सगळं सांगितलं. गर्दीत कोणीतरी हसलं, कारण ते हसण्यासारखंच होतं. ताईंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं मोबाइलमधला तो फोटो शोधला आणि पुसून टाकला.

अण्णा सगळं ऐकत उभे होते. मग ते म्हणाले, “माझा फोटो असता तर मी कशाला लावला असता? त्याचं कोणीतरी येईल, म्हणून ठेवला होता.”

आवाजात राग नव्हता. पोस्टमास्तर त्या वाक्याकडे कुठल्याही बाजूने गेले तरी ते जसंच्या तसं राहिलं.

संग्रहालयातून आपला चेहरा काढून टाकावा, असा अर्ज त्यांनी दुसऱ्याच दिवशी केला. सदर चेहरा अर्जदाराचाच असल्याचा दाखला जोडावा, असं उत्तर आलं. दाखला कोण देणार यावर प्रकरण अजून विचाराधीन आहे. तोवर पोस्टमास्तर त्या भिंतीवर फावडं घेऊन उभे आहेत, खाली त्यांचंच सौजन्य. त्या बाजूला ते पुन्हा फिरकले नाहीत.

ताई मात्र घरी येऊ लागल्या. भाचीकडे राहिल्या होत्या, तिथून दुपारच्या येत आणि अण्णांच्या खुर्चीशेजारी बसत. वर भिंतीवर फोटोच्या जागी एक फिकट चौकोन उरला होता. अण्णा त्यांना पोरी म्हणत आणि भोंग्याबद्दल सांगत. तो कसा चालायचा, कोणत्या ड्रायव्हरची नक्कल करायचा, मुलगी झाली तेव्हा त्याने शेडमधल्या प्रत्येक इंजिनाची शिटी कशी वाजवली आणि त्यापायी दंड कसा भरला. पोस्टमास्तर दाराशी बसून ऐकत. यातलं एक अक्षरही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. या खोलीत, या खुर्चीत, हे सगळं इतकी वर्षं बसून होतं आणि त्यांना फक्त विचारायचं होतं.

पण अण्णांचंही वय झालं होतं. पहिल्या दिवशी ते म्हणाले होते की भोंगा मिशी ठेवत नसे, भट्टीच्या ठिणग्यांनी जळते म्हणून. ताईंनी ते मनाशी नीट जपून ठेवलं होतं. एके दुपारी बोलता बोलता अण्णा म्हणाले की भोंग्याची मिशी अशी झुपकेदार होती की तिच्यातला कोळसा झटकायलाच त्याला वेळ लागायचा. आणि बोलता बोलताच त्यांचा डोळा लागला.

 ताई दाराकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्ही तर लहानपणापासून रोज बघत होतात. होती का हो मिशी?”

पोस्टमास्तरांनी डोळे मिटले. इंजिन दिसलं. चाकं दिसली, चाकावर चढलेला माणूस दिसला, खांद्यावरचं फावडं, त्याच्या दांड्यावरची पकड, सगळं दिसलं. वर चेहऱ्यापाशी गेले तर तिथे चष्म्याचे वण घेऊन ते स्वतःच उभे होते.

“मला नाही आठवत, ताई,” ते म्हणाले.